गवळाऊ जनावर पहिल्यांदा पशुप्रदर्शनात उतरवताना: नवख्या पशुपालकांसाठी

नागपूर जिल्ह्यात हिवाळा लागला की पशुप्रदर्शनांची चर्चा सुरू होते. कोठ्यातली एखादी कालवड अंगाने भरलेली आणि देखणी दिसू लागते, येणारे-जाणारे "हिला प्रदर्शनात न्या" असे सुचवतात, आणि मग लक्षात येते की अर्ज कोणाकडे करायचा, सोबत काय न्यायचे आणि मैदानावर जनावराकडून काय अपेक्षा असते, हे घरात कोणालाच नीट ठाऊक नाही. काटोलजवळच्या आमच्या शेतावर बाबांनी गवळाऊ या देशी जातीची जनावरे जोपासली. त्यांची जबाबदारी माझ्याकडे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी धवळी नावाची कालवड घेऊन प्रदर्शनाला गेले. तिचा बांधा आणि रंग दोन्ही चांगले होते, खुराकातही आम्ही कसर ठेवली नव्हती. पण रिंगणाच्या तोंडाशी लाउडस्पीकर वाजला आणि तिने पुढचे दोन्ही पाय रोवले ते रोवलेच. परीक्षकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि तिला बाजूला घ्यायला सांगितले. तिची चाल त्यांना पाहताच आली नाही.

त्यानंतर मी जे शिकले ते येथे क्रमाने देत आहे. बहुतेक पशुपालक तयारीचा सगळा वेळ खुराकावर आणि सजावटीवर घालवतात. माझा आग्रह असा आहे की त्यातला मोठा वाटा जनावराला हाताने चालवण्यावर आणि शांत उभे राहायला शिकवण्यावर घालवावा.

१. प्रदर्शन कोणत्या प्रकारचे आहे ते आधी विचारा

जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग, यात्रा समित्या, बाजार समित्या आणि कृषी मेळाव्यांचे आयोजक अशी प्रदर्शने भरवतात. खात्रीची माहिती हवी असल्यास पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकाऱ्यांना किंवा आपल्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. जातिवंत जनावरांच्या प्रदर्शनात जातीची लक्षणे, बांधा आणि चाल पाहतात. दुग्धस्पर्धेत आदल्या वेळी कास पूर्ण रिकामी करून पुढच्या ठरलेल्या वेळांचे दूध मोजतात. एकाच मैदानावर दोन्ही चालू असू शकतात, मात्र त्यांचे अर्ज आणि नियम वेगळे असतात. शंकरपट, म्हणजे विदर्भातील बैलांची शर्यत, हा तर पूर्णपणे निराळा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींविषयीचा राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून पटाच्या बैलांची चौकशीही याच कार्यालयांत होते, त्यामुळे आपण कशाविषयी विचारत आहोत हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट करावे.

गवळाऊ जातीसाठी स्वतंत्र गट आहे का, तेही तेव्हाच विचारून घ्यावे. काही ठिकाणी सगळ्या देशी गाई एकाच गटात धरतात, आणि मग आपल्या हलक्या बांध्याच्या कालवडीला भरदार अंगाच्या गीर गाईशेजारी उभे राहावे लागते.

२. जनावर निवडताना घरचे प्रेम बाजूला ठेवा

पांढरी गाय म्हणजे गवळाऊ, असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. या जातीचे मूळ क्षेत्र वर्धा आणि नागपूर जिल्हे तसेच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा पट्टा होय. वर्ध्याकडच्या नंदगवळी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मराठा फौजांच्या काळापासून हे जनावर वेगवान ओढकामासाठी ओळखले जाते, आणि त्याची सगळी लक्षणे या कामाशी जुळणारी आहेत. बांधा मध्यम व हलका असतो. डोके लांबट असते आणि कपाळ वरच्या बाजूला किंचित मागे झुकलेले असल्यामुळे बाजूने पाहताना थोडे फुगीर भासते. डोळे बदामाच्या आकाराचे असतात. शिंगे आखूड, टोकाशी बोथट आणि बहुधा जराशी मागे वळलेली असतात. गाई पांढऱ्या असतात, तर वळूच्या मानेवर, वशिंडावर आणि मागच्या अंगावर राखाडी झाक येते. पोळी, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी कातडी, चांगली मोठी असते.

रक्तात भेसळ असेल तर ती बहुधा कानांत आणि कपाळात दिसते. कपाळ घुमटासारखे पुढे आलेले आणि कान लांब, गुंडाळलेल्या पानासारखे लोंबणारे असतील, तर गीरचा अंश आहे असे समजावे. आंध्रकडच्या ओंगोल जातीशी झालेला संकर ओळखणे कठीण असते, कारण त्या जातीशी गवळाऊचे मुळातच साम्य आहे. अशा वेळी जाणकाराला दाखवण्याला पर्याय नाही. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, आणि सेमिनरी हिल्सचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून चालू आहे. तिथल्या तज्ज्ञांना जनावराचे दोन्ही बाजूंचे, समोरचे आणि मागचे असे छायाचित्र दाखवून विचारता येते. वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे तालुक्यातील हेटीकुंडी येथे शासनाचे गवळाऊ पैदास क्षेत्र आहे. शक्य असल्यास परवानगी घेऊन तिथली जनावरे एकदा तरी पाहून यावीत. दहा-वीस जातिवंत जनावरे एकत्र पाहिली की आपल्या कोठ्यातल्या जनावराकडे पाहण्याची नजरच बदलते. मी स्वतः हे पहिल्या वर्षानंतर केले. ते आधी करायला हवे होते.

लंगडणारे, खूर वाढलेले, सड लहान-मोठे असलेले किंवा त्वचेवर चट्टे असलेले जनावर नेऊ नये. गाभण गाय शेवटच्या तीन महिन्यांत असेल, तर गट कितीही सोयीचा असला तरी तिला घरीच ठेवावे.

३. गट वयावर ठरतो आणि वय दातांवर

जन्मतारीख आपण वहीत लिहिलेली असली तरी मैदानावरचे पशुवैद्यक जनावराचे तोंड उघडून दात पाहतात आणि त्यांचाच निर्णय चालतो. दुधाचे दात असलेले जनावर आदत. कायम दातांची पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येते, तेव्हा ते दुसे होते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास चौसे, त्यानंतर सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत आठही दात आले की जुळले असे म्हणतात.

फसगत होते ती सीमेवरच्या जनावरांबाबत. धवळीचा अर्ज मी आदत गटात भरला होता. अर्ज भरल्यापासून प्रदर्शनापर्यंतच्या पाच आठवड्यांत तिने मधले दोन दात पाडले आणि नवे दात हिरडीतून डोकावू लागले. तिला ऐनवेळी वरच्या गटात टाकले गेले आणि तिथे ती सगळ्यांत लहान ठरली. म्हणून दुधाचे दात हलत असतील तर गट कसा धरतील, हे अर्ज देतानाच विचारून ठेवावे.

४. कागदपत्रे

पुढील कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात मूळ आणि दोन छायाप्रती असे सोबत ठेवावेत.

– मालकाचे आधार कार्ड आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, कारण बक्षिसाची रक्कम बहुधा खात्यात जमा होते.
– जनावराच्या कानातील बारा अंकी टॅगचा क्रमांक आणि ‘भारत पशुधन’ प्रणालीवरील त्याची नोंद.
– लसीकरणाची नोंद: लाळ-खुरकूत, लंपी त्वचारोग, घटसर्प, फऱ्या.
– पशुवैद्यकाने दिलेला आरोग्य दाखला आणि प्रवासास योग्य असल्याचा दाखला.
– ग्रामपंचायतीचा मालकी किंवा रहिवासी दाखला.
– अर्जाची पोच आणि जनावराची छायाचित्रे.
– गाडीचे कागद आणि चालकाचा परवाना.

टॅगविषयी थोडे सविस्तर सांगते. राज्यात १ जून २०२४ पासून कानात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही, त्यामुळे टॅग नसेल तर पुढचे काहीच होणार नाही. टॅग असूनही अडचण येऊ शकते. आमची सगळी जनावरे बाबांच्या नावावर नोंदवलेली होती आणि अर्ज मी माझ्या नावाने भरला होता. नोंदणीच्या टेबलावर दोन नावे जुळेनात. बाबांना फोन करून, त्यांचे आधार कार्ड मागवून आणि लेखी संमती देऊन तासाभराने प्रश्न सुटला. ही नावबदलाची नोंद आपल्या दवाखान्यात आधीच करून घेतली तर हा तास वाचतो. टॅग कुठे तरी अडकून तुटला असेल तर नवा क्रमांक जुन्या नोंदीशी जोडला गेला आहे ना, तेही पाहावे.

लस ऐनवेळी टोचू नये. प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि टोचल्यावर एक-दोन दिवस ताप किंवा गाठ येऊ शकते. प्रदर्शनाआधी किमान एक महिना सगळ्या लसी पूर्ण झालेल्या असाव्यात. आरोग्य दाखल्याचे मात्र उलट आहे. तो एक-दोन दिवस आधीचाच घ्यावा, फार जुना दाखला स्वीकारत नाहीत.

५. दोन महिने आधीपासून: चालणे आणि उभे राहणे

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि यासाठी पैसा लागत नाही.

पहिला आठवडा केवळ म्होरकीची, म्हणजे तोंडाभोवती बांधायच्या दोरीची, सवय लावण्याचा. नायलॉनच्या दोरीने गालाची कातडी सोलवटते, म्हणून सुती म्होरकी वापरावी. ती चढवून जनावराला रोज अर्धा तास खुंट्याला बांधावे आणि तेवढा वेळ जवळ बसून खरारा करावा. दुसऱ्या आठवड्यापासून कासरा धरून चालवायला सुरुवात करावी. आपण जनावराच्या डाव्या बाजूला, त्याच्या खांद्याच्या रेषेत राहावे. पुढे जाऊन ओढले की जनावर मागे रेटते, ही गोष्ट आमच्याकडे वीस वर्षे सालदार असलेल्या काकाजींनी मला एका वाक्यात समजावली: "ताई, तुम्ही तिच्याकडे तोंड करून ओढता, म्हणून ती थांबते. तुम्ही समोर पाहा आणि चाला, ती येईल." मी समोर पाहून चालू लागले आणि चौथ्या पावलाला धवळी माझ्या बरोबरीने येऊ लागली.

वेग सारखा ठेवावा. गवळाऊची ओळखच तिच्या हलक्या आणि लांब पावलाच्या चालीत आहे, त्यामुळे अगदी संथ चालवले तर परीक्षकांना जे पाहायचे असते तेच झाकले जाते. चाल तपासण्याची एक सोपी रीत आहे. अंगणातल्या मातीवर सकाळी पाणी शिंपडावे, माती दबेल इतकी ओली झाली की तिच्यावरून जनावराला सरळ रेषेत चालवावे आणि मग वाकून ठसे पाहावेत. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या अगदी जवळ पडत असेल तर चाल मोकळी आहे. मागचा ठसा बराच मागे राहत असेल किंवा आत-बाहेर पडत असेल, तर खूर वाढले आहेत का, पायाला काही टोचले आहे का, हे पाहावे. धवळीचा उजवा मागचा ठसा दरवेळी चार बोटे बाहेर पडायचा. खूर उचलून पाहिला तेव्हा बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा वाढलेली निघाली. नालबंदाकडून खूर तासून घेतल्यावर पंधरा दिवसांत तिचे पाऊल सरळ पडू लागले.

उभे राहण्याचा सराव वेगळा करावा. दर पन्नास-साठ पावलांनी थांबावे, चारही पाय अंगाखाली चौकोनात येतील असे उभे करावे, म्होरकी किंचित वर धरून मान उंच ठेवावी आणि मनातल्या मनात शंभर अंक मोजावेत. पाय चुकला तर पायाला हात लावू नये, जनावराला एक पाऊल मागे रेटून पुन्हा पुढे घ्यावे. शंभर अंक शांतपणे उभी राहिली की मानेखाली खाजवावे. आमच्या धवळीला गुळाच्या खड्यापेक्षा हे खाजवणे अधिक आवडत असे.

यानंतर आवाज आणि गर्दी. ट्रॅक्टर सुरू ठेवून त्याच्या बाजूने फिरवावे, आधी लांबून आणि मग जवळून. मोबाइलला लहान स्पीकर जोडून कोठ्यात रोज थोडा वेळ भजने लावावीत आणि आवाज दिवसागणिक वाढवावा. शेजारच्यांना बोलावून अनोळखी हातांची सवय लावावी, कारण परीक्षक बरगड्यांवरची कातडी चिमटीत धरून पाहतात, कासेला आणि सडांना हात लावतात, वळूची अंडकोषांची तपासणी करतात. घरच्या माणसाखेरीज कोणाला अंगाला हात लावू न देणारे जनावर रिंगणात लाथ मारते, आणि लाथ मारणाऱ्या जनावराला बाहेर काढतात.

६. खुराक

प्रदर्शनाआधी महिनाभर सरकी ढेप आणि चुनी वाढवून जनावर फुगवण्याची पद्धत चुकीची आहे. गवळाऊ हलक्या बांध्याची जात असल्यामुळे चरबी चढली की तिचे वैशिष्ट्यच बुजते. नेहमीचा कडबा, कुटार (मळणीनंतरचा भुसा), हिरवा चारा आणि मोजका खुराक चालू ठेवावा. बदल करायचाच असेल तर तो पंधरा दिवसांत हळूहळू करावा.

७. अंग, खूर आणि शिंगे

रोज खरारा केल्याने जी चमक येते ती कोणत्याही तेलाने येत नाही. काही जण आदल्या दिवशी अंगाला तेल चोळतात, त्यावर मैदानाची धूळ बसते आणि पांढरे जनावर दुपारपर्यंत मळकट दिसू लागते. धुण्याचे काम आदल्या दिवशी सकाळी दहानंतर, ऊन वर आल्यावर करावे. नागपूरकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेला थंड पाण्याने धुतलेले जनावर आजारी पडू शकते.

धुणे योग्य की अयोग्य, हे परीक्षक काय पाहणार यावर अवलंबून असते. दक्षिण अमेरिकेतील अल्पाका हा लोकरीचा प्राणी प्रदर्शनाआधी धुवत नाहीत, कारण तिथे परीक्षक अंगावरची लोकर हातांनी उकलून तिची कुरळी घडण, बारीकपणा आणि दाटपणा तपासतात आणि धुण्याने ती घडण बिघडते. त्या प्रदर्शनांत अंगावरून कातरलेल्या लोकरीचा स्वतंत्र गटही असतो. आपल्याकडे कातडी, बांधा आणि चाल पाहायची असते, म्हणून स्वच्छ धुतलेले अंग चालते.

शिंगांविषयी पोळ्यालाच काळजी घ्यावी. पोळा श्रावणाच्या अमावास्येला येतो, त्या वेळी शिंगांना लावलेला ऑइलपेंट हिवाळ्यापर्यंत टिकतो आणि खरवडला तर शिंगावर ओरखडे राहतात. प्रदर्शनाला न्यायच्या जनावराच्या शिंगांना पोळ्यात रंगाऐवजी बेगड बांधावी. मैदानावर जाताना शिंगे ओल्या फडक्याने पुसली तरी पुरे. झूल, घुंगरमाळा आणि गोंडे मिरवणुकीसाठी ठेवावेत. रिंगणात झूल काढायलाच लावतात, आणि घुंगरांचा सराव नसेल तर जनावर त्यांच्या आवाजाने बुजते. खूर तीन आठवडे आधी तासून घ्यावेत, नंतर नको, कारण ताज्या तासलेल्या खुराने जनावर काही दिवस जपून पाऊल टाकते.

८. गाडीतून नेताना

गाडीच्या पत्र्यावर शेणमूत पडले की तो काचेसारखा घसरडा होतो. खाली वाळूचा थर द्यावा, त्यावर गोणपाट आणि वर कुटार पसरावे. बाजूच्या कडांना गोणपाट गुंडाळावे. जनावराचे तोंड इंजिनाच्या दिशेने ठेवावे आणि दोरी इतकीच सैल ठेवावी की मान हलवता येईल पण पाय अडकणार नाही. चढवण्या-उतरवण्यासाठी मातीचा उतार किंवा मजबूत फळी हवी. उडी मारायला लावलेले जनावर पायाला इजा करून घेते आणि ती इजा रिंगणातच दिसून येते.

२०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू असल्यामुळे रस्त्यात जनावरांच्या गाड्या तपासल्या जातात. मालकी दाखला, पशुवैद्यकाचा दाखला आणि प्रदर्शनाच्या अर्जाची पोच चालकाजवळ समोरच ठेवावी. रात्री उशिरा निघण्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी पोहोचणे बरे, म्हणजे जनावराला रात्रभर विश्रांती मिळते आणि नव्या जागेचा वास ओळखीचा होतो.

९. मैदानावर

सोबत न्यायच्या वस्तू: जादा कासरा आणि म्होरकी, दोन बादल्या, खरारा, घमेले, खराटा, घरचा चारा दोन दिवसांचा, सुती फडकी, हळद, जंतुनाशक मलम, विजेरी आणि रात्रीसाठी गोणपाटाची झूल.

पाणी हा दुर्लक्षित मुद्दा आहे. टँकरचे पाणी अनेक जनावरे वास घेऊन सोडून देतात आणि दिवसभर तहानलेली राहतात. घरून दोन कॅन पाणी न्यावे आणि सुरुवातीला टँकरच्या पाण्यात ते मिसळून द्यावे. आपली बादली दुसऱ्याला देऊ नये आणि दुसऱ्याची घेऊ नये. यात उद्धटपणा काही नाही, लाळ-खुरकूत अशाच मार्गाने पसरते. शेजारच्या जनावराच्या तोंडाला लाळेची तार लागलेली दिसली किंवा त्याच्या अंगावर गाठी दिसल्या, तर लगेच पशुवैद्यकांना कळवावे आणि आपले जनावर हलवावे. लंपीमुळे सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यात जनावरांचे बाजार आणि प्रदर्शने बंद ठेवावी लागली होती, हे विसरू नये.

१०. रिंगणात

आपला क्रमांक पुकारण्याआधी पंधरा मिनिटे जनावराला फिरवून आणावे, म्हणजे शेण-मूत्र बाहेरच होते. आत गेल्यावर पुढच्या जनावरापासून एका गाडीइतके अंतर ठेवावे. परीक्षक दुसऱ्याचे जनावर पाहत असतानाही आपले नीट उभे ठेवावे, कारण त्यांची नजर फिरत असते. ते आपल्या समोर आले तर त्यांच्या आणि जनावराच्या मध्ये उभे राहू नये. वय, वेत (कितव्यांदा व्याली), दूध आणि वंशावळ एवढेच विचारतात, तेवढेच सांगावे. जनावर बुजले तर कासरा आखडू नये, एक छोटी फेरी मारून पुन्हा उभे करावे. दुसऱ्या वर्षी धवळी जनरेटरच्या आवाजाला थबकली तेव्हा मी एवढेच केले. तिने कान मागे घेतले, एकदा फुरफुरली आणि चालू लागली. त्या गटात तिला दुसरा क्रमांक मिळाला.

निकालानंतर परीक्षकांना आपल्या जनावराचे उणे काय होते, असे नम्रपणे जरूर विचारावे. बहुतेक जण मनापासून सांगतात. मला सांगितले गेले की धवळीची पाठ कमरेजवळ थोडी दबलेली आहे. पुढचा वळू निवडताना ही गोष्ट मी ध्यानात ठेवली.

११. घरी परतल्यावर

जनावर थेट कोठ्यात बांधू नये. लाळ-खुरकुताची लक्षणे दिसायला दोन आठवडेही लागू शकतात आणि लंपीची त्याहून अधिक, म्हणून २८ दिवस वेगळे बांधावे. रोज सकाळी तोंड, खूर आणि त्वचा पाहावी आणि ताप मोजावा. तो साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असावा, १०३ च्या वर गेला तर दवाखान्यात कळवावे. घरच्या जनावरांना चारापाणी आधी करावे आणि परतलेल्या जनावराचे सगळ्यांत शेवटी. त्याची बादली, घमेले आणि म्होरकी वेगळी ठेवावी, आणि मैदानावर वापरलेल्या चपला कोठ्यात शिरण्याआधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवाव्यात.